लाडकीचं पान

मंजुषाचे वडील नवसू गेल्या वैशाखात वारले. वर्षाचा दिवस दोन महिन्यांवर आला, तेव्हा ठाण्याहून तिच्या धाकट्या भावाचा, कमलेशचा फोन आला.

"ताई, बाबांचे फोटो सगळीकडे विखुरलेत. तू शाळेत कॉम्प्युटरवर ती पानं बनवतेस ना, तसं आपल्या घरचं एक पुस्तक कर. वर्षाच्या दिवशी पाड्यावर टीव्हीवर दाखवू, मग छापून घेऊ."

मंजुषा जामसरच्या शाळेत शिकवायची आणि जव्हारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. वडील गेल्यापासून आई, बुधी, तिच्याकडेच होती. एका प्रशिक्षणात शिक्षकांना डिजिटल स्क्रॅपबुक करायला शिकवलं होतं. जुने फोटो मोबाइलने स्कॅन करायचे, नीट कापायचे, पानावर मांडायचे, शेजारी दोन ओळी लिहायच्या. वाटलं तर एखादं पान नाहीतर फूलही स्कॅन करून कोपऱ्यात लावायचं. मंजुषाला ते काम मनापासून आवडलं होतं.

सगळे मिळून चाळीसेक फोटो जमले. नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवले, काही रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सापडले, एक वडिलांच्या जुन्या पाकिटात घामाने चिकटून बसला होता. पहिलं पान तिने 'बाबांची नागली' असं केलं. कोपऱ्यात लावायला नागलीचं, म्हणजे नाचणीचं, एक कणीस स्कॅन केलं, तर पडद्यावर ते मिटलेल्या मुठीसारखं दिसलं. ते पान तिला इतकं आवडलं की तिने लगेच कमलेशला पाठवून दिलं.

आईचं पान करायला घेतलं, तेव्हा कुठेतरी अडलं.

आईला तिने फोटोंमधून कापून वेगळं काढायला सुरुवात केली. बोहाड्याच्या जत्रेतला फोटो, कमलेशच्या लग्नातला, शिरपामाळावर सगळे गेले होते तेव्हाचा. कापताना चौकट ओढायची आणि आईच्या कडेशी आणून सोडायची. पण आईच्या डाव्या बाजूला प्रत्येक वेळी जागा उरत होती. एका माणसाची नव्हे, त्याहून कमी. गर्दीच्या फोटोतसुद्धा, लग्नात माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी उभी होती तरी, आईच्या डावीकडे तेवढी मोकळी जागा होतीच. आणि डावा हात अंगापासून जरा सुटलेला.

मंजुषाने अकरा फोटो एकाखाली एक लावून बघितले. अकराही तसेच.

शिरपामाळचा फोटो तिनेच काढला होता. तेव्हाचं तिला आठवलं. कमलेशची लहानगी मुलगी पळत येऊन आजीच्या डाव्या बाजूला उभी राहिली होती, आणि आई म्हणाली होती, "तिथं नको गं. हिकडं ये." मुलीला तिने हाताला धरून उजवीकडे घेतलं होतं. मंजुषाला तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मंजुषा लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसली.

"आये, तू फोटोत अशी लांब का उभी राहतेस?"

"कुठं लांब?"

"हे बघ. आणि हे. इकडे कोणासाठी जागा ठेवलीस?"

बुधीने पडद्याकडे पाहिलं. एकेक फोटो तिने नीट पाहिला, जणू तिलाही ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. मग सूप उचललं आणि आतल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

कमलेशला विचारून उपयोग नव्हता. तो मंजुषाहून लहान. घरात वडिलांच्या पिढीतले एक फागूकाका तेवढे उरले होते, वडिलांचे सख्खे भाऊ. त्या रविवारी मंजुषा मोखाड्याची गाडी पकडून सूर्यमाळला गेली आणि तिथून पाड्यावर चालत. काका ओट्यावर बसून बांबूच्या पाटीची सुटलेली वीण बसवत होते. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. काकांना नीट दिसत नव्हतं, पण तिने सांगितल्यावर त्यांचे हात थांबले.

"तुला एक मोठी बहीण व्हती," ते म्हणाले. "लाडकी. पाच पावसाळे देखले तिनं. ज्या साली पाड्यांवर पोरं जात व्हती ना, त्या साली गेली."

मंजुषाने मोबाइल खाली ठेवला. "मग मला कोणी कधी सांगितलं का नाही?"

"नाव घ्यायचं नाय, असं माझी आय म्हणली. वाट बघत गेलेली पोर. नाव घेतलं तं येल. म्हणून कोणीच नाय घेतलं."

"कोणाची वाट बघत?"

"ते तुझ्या आयला इचार. माझ्या तोंडून नको."

निघताना त्यांनी पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला एक कागद काढून दिला. कुठल्याशा संस्थेने त्या वेळी छापलेलं पत्रक होतं. सप्टेंबर १९९२. वर मदतीचं आवाहन आणि मधोमध काळापांढरा फोटो. कुडाच्या भिंतीशी बसलेली तरुण बाई, तिच्या मांडीवर एक मूल. मुलाचं डोकं मोठं, हातपाय काटक्यांसारखे, डोळे सगळ्या चेहऱ्यावर पसरलेले. ती बाई म्हणजे आई होती. खाली लिहिलं होतं, 'मोखाडा तालुक्यातील एक कुपोषित बालक'. आणि अगदी कडेला बारीक अक्षरांत, 'छायाचित्र : हेमंत रेगे'.

"तुझी आय आन् पोर," काका म्हणाले. "फोटोवाला आला व्हता, त्यानं काढलेला."

परतीच्या गाडीत मंजुषाने तो कागद तीनदा उघडला. मूल पाच वर्षांचं वाटत नव्हतं. पण अन्न नसलं की मुलं वाढत नाहीत, हे तिला शाळेतल्या वजनकाट्याने शिकवलं होतं. स्वतःचा जन्म तर १ जून १९९३ चा, सगळ्या कागदांवर तोच. म्हणजे आपल्या आधीची ही. आपली ताई.

पुढचे दोन दिवस शाळेतून आली की ती त्या एकाच पानावर काम करायची. फोटोवरची घडीची रेघ तिने पुसली. डोळे उजळले. मोहाची फुलं स्कॅन करून भोवती लावली. वर लिहिलं 'लाडकी', खाली लिहिलं 'माझी ताई'. करताकरता तिला रडू यायचं आणि ती थांबायची. त्या दोन दिवसांत तिला सारखं वाटत राहिलं, की खुर्चीशेजारी कोणीतरी उभं आहे. भिववणारं काही नव्हतं. एखादं मूल आपण काय लिहितोय ते बघायला टेबलाशी येऊन उभं राहतं, तसं. मान वळवली की खोलीत कोणी नसायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ते पान आईला दाखवलं.

"आये, रागावू नको. मला कळलंय. बघ, मी तिचं पान केलंय."

बुधी पडद्यासमोर बसली. बराच वेळ बघत राहिली. मंजुषाला वाटलं, आता ती रडेल. पण आईचा आवाज कोरडा होता.

"ही लाडकी नाय."

"मग कोण?"

"तू."

मंजुषा हसलीच जरा. "मी कशी असेन? मी तर त्र्याण्णवची."

"ती तारीख गुरुजींनी घातली. शाळेत नाव घालायच्या वक्ताला तू एवढीशी दिसायचीस. त्यांनी अंदाजानं लिवलं." बुधीने पडद्यावरच्या त्या मुलाच्या पायाला बोट लावलं. "दीड वरसाची व्हतीस. मान धरत नव्हतीस."

दोन दिवस ज्या चेहऱ्यासाठी मंजुषा रडत होती, तो तिचाच होता. ती पडद्याकडे बघत राहिली. तिला तो चेहरा ओळखीचा वाटेना आणि अनोळखीही वाटेना.

मग बुधी आपणहून बोलायला लागली. मध्येच थांबायची, लुगड्याचा काठ बोटांत गुंडाळायची, पुन्हा बोलायची.

"गाडी आली व्हती. एक डॉक्टरीण आन् तो फोटोवाला. पंधरवड्यात पाड्यावरची तीन पोरं गेलेली. तू दूध वढत नव्हतीस. डॉक्टरीण म्हणली, हिला आत्ताच जव्हारला न्यायला पायजे, चल बस. तुझा बाप खाली शेतात बेणणीला, गवत काढाय गेलेला. घरात सासू, तिला दिसायचं नाय. लाडकी माझं लुगडं धरून उभी. तिला काय झालं नव्हतं. भूक सगळ्यांनाच व्हती, पर ती उड्या मारायची. गाडीपातूर आली. फाट्यावर मी तिला सांगलं, हितंच उभी राह, मी येते. आन् मी गाडीत बसले."

"मग?"

"बारा दिस लागलं. तू दूध वढाय लागलीस, डोळं फिरवाय लागलीस. मला बरं वाटलं. मी तिकडं हसले पण, एका बाईसंगं." तिने काठ पुन्हा बोटांत गुंडाळला. "परत आले तं फाट्यावर कोण नाय. सासू म्हणली, पोर रोज फाट्यावर जाऊन उभी राहायची. पावसात. वढून आणलं की परत जायची. आयनं सांगलंय म्हणायची, हितंच उभी राह. पाचव्या दिवशी हगवण लागली. नदीला पूर. कोण नेणार, कुठं नेणार."

मंजुषाला विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. "गाडीत जागा नव्हती का?"

"तू एका मांडीवर व्हतीस," बुधी म्हणाली. "दुसरी मांडी रिकामीच व्हती. मी इचारलंच नाय, हिला पण आणू का म्हणून."

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. 

"ती येते का, आये?"

"येते. काय बोलत नाय. पोट दुखतं म्हणत नाय, भूक लागली म्हणत नाय. बाजूला येऊन उभी राहते फक्त."

मंजुषाने पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि तेव्हा तिला ते दिसलं. आईच्या डावीकडे जिथे फोटो संपत होता, तिथे तिच्या लुगड्यावर चार ठिपके होते. आधी तिला वाटलं होतं, छपाईचे डाग असतील. तिने मोठं केलं. ती चार बोटं होती, लहान मुलाची, लुगडं घट्ट धरलेली. बाकी मूल चौकटीबाहेर गेलं होतं.

त्याच संध्याकाळी तिने हेमंत रेगे यांना शोधायला घेतलं. फार शोधावं लागलं नाही. नाशिकला राहणारे एक वयस्कर छायाचित्रकार आपले जुने काळेपांढरे फोटो इंटरनेटवर टाकत असत. तिने त्यांना पत्रकाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'यातलं मूल मी आहे. आईच्या डावीकडची बोटं माझ्या बहिणीची आहेत. तुमच्याकडे पूर्ण फोटो आहे का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज थकलेला होता.

"तुम्ही जगलात," ते पहिल्यांदा म्हणाले. मग जरा वेळाने, "माफ करा. मी नेहमी धरून चाललो होतो की ते मूल गेलं असणार."

"मी जगले. ती गेली."



"मला आठवते ती," रेगे म्हणाले. "आईच्या शेजारी उभी होती आणि हसत होती. कॅमेरा पहिल्यांदाच बघत असावी. मी एक फोटो काढला, मग तिला म्हटलं, बेटा, जरा बाजूला हो. ती गेलीही लगेच, फक्त लुगडं सोडेना. मला तिथे हसणारं मूल नको होतं. पत्रकाला तसा फोटो चालला नसता." मग त्यांनीच विचारलं, "तिला काय झालं?"

मंजुषाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी शोधतो. निगेटिव्ह मी एकही टाकलेली नाही."

चार दिवसांनी फोटो आला, तेव्हा मंजुषाने तो एकटीने उघडला नाही. आईला शेजारी बसवलं.

भिंत तीच होती, आई तीच, मांडीवरचं मूल तेच. आणि आईच्या डावीकडे एक मुलगी उभी होती. फ्रॉकवरची फुलं मोजता येतील इतकी स्पष्ट. पायाच्या बोटांना चिखल. एक हात आईच्या लुगड्यावर, दुसरा वर उचललेला. आणि चेहरा मात्र हललेला. झोपडीत उजेड कमी असणार, आणि ती नेमकी त्या क्षणी वळली असणार. नाक नाही, डोळे नाहीत. धुरकट, राखाडी गोळा आणि त्यात दातांची एक पांढरी रेघ.

 इतकं शोधून चेहरा नव्हताच.

पण बुधी हसली. तोंडावर पदर धरून हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. "हीच. हीच ती. एका जागी राहायचीच नाय. हालतच असायची सारखी." मग म्हणाली, "मोठी कर."

मंजुषाने फोटो मोठा केला.

"आजून."

तिने आणखी मोठा केला. गोळा पसरला, दातांची रेघ तुटली.

"आजून कर."

"आये, आता काही दिसणार नाही."

"कर तू."

पडदाभर राखाडी चौकोन झाले, काही गडद, काही फिके. बुधी पुढे सरकली आणि तिने दोन्ही तळहात पडद्यावर ठेवले. बराच वेळ ठेवले. लॅपटॉप तापला होता. "गरम लागतंय," ती हळूच म्हणाली.

वर्षाच्या दिवशी सगळे पाड्यावर जमले. कमलेश बायको-मुलीला घेऊन आला. जेवणं झाल्यावर फागूकाकांच्या घरात टीव्हीला लॅपटॉप जोडला. पानं एकामागून एक येत गेली. नवसूची नागली, नवसूची बैलजोडी, बोहाड्यात मुखवटा काढून घाम पुसणारा नवसू. लोक हसत होते, नावं घेत होते. मग ते पान आलं. मंजुषाने मोहाची फुलं काढून टाकली होती. पूर्ण फोटो, आणि खाली फक्त नाव.

"ही कोण?" कमलेशने विचारलं.

मंजुषा आईकडे बघू लागली. खोलीतली म्हातारी माणसं खाली बघत होती. बुधी उठून उभी राहिली.

"लाडकी," ती मोठ्याने म्हणाली. "माझी थोरली. लाडकी."

 मग मागून कोणा म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "लय चपळ व्हती गं. माझ्या कोंबड्यांमागं धावायची." त्यावर दुसऱ्या कोणीतरी आणखी एक आठवण सांगितली. कमलेश बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मंजुषा त्याच्याजवळ गेली, तर तो म्हणाला, "मला बहीण होती आणि मला माहीतच नाही," आणि तिच्याकडे न बघता बराच वेळ तेच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधी म्हणाली, "फाट्यावर जाऊन येऊ."

फाट्यावर आता डांबरी रस्ता होता. टँकर यायचा होता, म्हणून निळ्या पिंपांची आणि हंड्यांची रांग लागली होती. बायका सावलीला बसल्या होत्या. बुधी रांगेच्या मधोमध एका जागी जाऊन थांबली. तिथे कोणाचं तरी पिंप होतं. बायकांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोघींनी उठून ते पिंप बाजूला ओढलं. 

"आले गं मी," बुधी म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या कोणाशी बोलावं तसं, सहज. "लय उशीर झाला. चल घरी."

ती वळली आणि चालू लागली. मंजुषा तिच्या बरोबरीने चालायला पुढे झाली, तेव्हा आई म्हणाली, "तू मागनं ये."

मंजुषा मागून चालली. आईचा डावा हात जरा खाली, जरा मागे होता आणि पावलं आखूड पडत होती. एरवी झपाझप चालणारी ही बाई वाटेत दोनदा थांबली. चढावर एकदा वाकली आणि पुन्हा सरळ झाली. मंजुषाने तिला हात दिला नाही. आई थांबली की तीही थांबत होती, आणि त्या दोघींमधलं अंतर ओलांडायचं धाडस तिला होत नव्हतं. घरी पोचल्यावर बुधीने चटई अंथरली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि ऊन उतरेपर्यंत झोपली.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मंजुषाने पानं नाशिकच्या एका छपाईवाल्याला पाठवली. त्याचा मधल्या सुट्टीत फोन आला.

"मॅडम, बाविसाव्या पानावरचा फोटो हललेला आहे. लहान मुलीचा चेहराच येत नाहीये. दुसरा चांगला असला तर पाठवा."

"दुसरा नाही."

"मग कॉम्प्युटरवर चेहरा तयार करून लावू का? हल्ली अगदी खरा वाटतो. घरातल्या कोणाचा लहानपणीचा फोटो द्या, त्यावरून बनवतो. तुमचा असला तरी चालेल."

मंजुषा व्हरांड्यात उभी होती. मैदानात मुली धावत होत्या. 

"नको," ती म्हणाली. "आहे तसाच छापा."